शेजाऱ्याचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवावा?

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी दोनदा भरून वाहिली. साताऱ्यात मे महिन्यात टाकी वाहून जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी टँकरची वाट पाहत जिन्यात बादल्या मांडल्या आहेत त्यांना सांगायला नको. मी कमिटीत आहे. (निवृत्त शिक्षक दिसला की सोसायट्या त्याला कमिटीत ओढतात. हजेरी आणि हिशेब दोन्ही येतात म्हणून.)

आमच्याकडची व्यवस्था अशी. रात्री दहाला वॉचमन पंप सुरू करतो आणि फेरीला जातो. टाकीत एक छोटं यंत्र बसवलं आहे. पाणी वरच्या खुणेला लागलं की ते यंत्र इंटरनेटवरून निरोप धाडतं, वॉचमनचा फोन वाजतो आणि तो येऊन पंप बंद करतो. दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मेमध्ये दोनदा फोन वाजला नाही. निदान वॉचमन तसं म्हणत होता. "गुरुजी, शपथेवर सांगतो, फोन वाजलाच नाही." मी त्याला म्हणालो की फोन वाजतात, माणसं झोपतात. चौतीस वर्षं शाळेत "सर, वही घरी राहिली" ऐकलेला माणूस मी, लगेच विश्वास कसा ठेवणार? दोन रात्रींचा पगार कापायचा ठराव झाला. ठराव मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात.

जूनमध्ये एका लग्नानिमित्त भाचा आला होता. तो पुण्यात अशाच लहान लहान यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितो. गच्चीवर जांभळं खात उभा असताना त्यानं सहज यंत्राची चौकशी केली, मी सहज तक्रार केली, आणि हा पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन खाली ऑफिसात जाऊन बसला. अर्ध्या तासानं हाक मारून म्हणतो, "मामा, तुमचा वॉचमन झोपला नव्हता. तुमचं यंत्र रोज पत्र पाठवतंय, पण घर सोडून गेलेल्या माणसाला."

त्या एका वाक्यापायी मी अख्खा पावसाळा वाचनात घालवला. भाच्यानं जुने कागद छापून दिले, अडलं की रात्री फोनवर समजावलं. मी इतिहासाचा मास्तर, मराठी माध्यमातला बी.ए. मला कुठलीही गोष्ट सनावळीतून गेल्याशिवाय कळत नाही. तेव्हा मंडळी, आजचा तास संगणकाचा असला तरी विषय इतिहासच आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. शाळेतल्या मुलाला कसे दोन नंबर असतात? एक जनरल रजिस्टरचा. तो प्रवेशाच्या दिवशी मिळतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तोच राहतो. दुसरा वर्गातला हजेरी नंबर. तो दरवर्षी बदलतो, आणि यंदाचा १७ नंबर म्हणजे गेल्या वर्षीचा १७ नंबर नव्हे. यंत्राचा रजिस्टर नंबर कारखान्यातच त्याच्यावर कोरला जातो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. हजेरी नंबर म्हणजे आयपी पत्ता, तो जागेवरून मिळतो. निरोप लिहिणारा हजेरी नंबर लिहितो, पण तारेवरून पाकीट प्रत्यक्ष हातात पडतं ते रजिस्टर नंबरावर. मग १७ नंबर म्हणजे रजिस्टरातला कोण, हे कुणीतरी सांगायला हवं. सगळी गोष्ट एवढ्या एका प्रश्नाची आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. (आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कॉलेजच्या कोपऱ्यावरचं दुकान, पण मूळ कंपनी जरा मोठी होती.) तिथल्या रॉबर्ट मेटकाफ या तरुणानं २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि त्यात इथरनेट हे नाव आलं. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत की प्रकाश ज्यातून वाहतो असा 'ईथर' सगळीकडे भरून आहे. ती कल्पना विज्ञानानं केव्हाच मोडीत काढली होती, पण मेटकाफनं नाव उचललं. एकच तार, सगळी यंत्रं तिला जोडलेली, एक बोललं की सगळ्यांना ऐकू येतं. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्यानं ते प्रत्यक्षात उभं केलं. त्या पहिल्या इथरनेटवर यंत्राचा नंबर फक्त ८ बिटांचा होता, म्हणजे ० ते २५५. आयपी पत्ता पुढे आला तो ३२ बिटांचा, चार तुकड्यांचा, आणि त्यातला शेवटचा तुकडाही ८ बिटांचाच. तेव्हा शेवटचा तुकडा हाच यंत्राचा नंबर धरायचा, की झालं. हजेरी नंबर आणि रजिस्टर नंबर एकच. एकशिक्षकी शाळेत असतं तसं.

मग शाळा मोठी झाली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचा नवा, वेगवान नमुना जाहीर केला आणि त्यात यंत्राचा पत्ता ४८ बिटांचा केला. ४८ बिट म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे नंबर. अर्धा नंबर कारखानदाराचा, अर्धा त्यानं आपल्या मालावर ओळीनं घालायचा. जगात कुठल्याही दोन यंत्रांचा नंबर सारखा येऊ नये, आणि तो कायमचा असावा, ही कल्पना. उत्तमच. पण आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जेमतेम ४२९ कोटी. चार बोटांच्या हातमोज्यात सहा बोटं कशी घालायची? एकावरून दुसरा काढता येईना.

डिजिटल कंपनीनं स्वतःच्या डेकनेट या जाळ्यापुरती एक गंमत केली. यंत्र सुरू झालं की त्याचा कारखान्यातला नंबर बाजूला ठेवायचा आणि जाळ्यातल्या पत्त्यावरून नवा नंबर बनवून तोच लावायचा. म्हणजे मुलाचा हजेरी नंबर बदलला की रजिस्टर खोडायचं! आमच्या हेडक्लार्कला हे ऐकूनच घेरी आली असती.

दुसरा मार्ग एमआयटीतल्या डेव्हिड प्लमरनं सांगितला. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यानं एक कागद प्रसिद्ध केला. इंटरनेटचे नियम ज्या मालिकेत निघतात तिला आरएफसी म्हणतात, त्यातला हा ८२६ वा. यातून आलेल्या पद्धतीला एआरपी म्हणतात. भाच्यानं छापून दिला तेव्हा मला वाटलं होतं की पहिल्या पानावरच मान टाकावी लागणार. पण हा मनुष्य गप्पिष्ट निघाला. सुरुवातीलाच जंगल आणि त्यातल्या प्राण्यांची उपमा, शेवटी दोन यंत्रांचं एक उदाहरण, आणि मध्ये "हे असंच का केलं" असा चक्क एक भाग. हा भाग आमच्या पाठ्यपुस्तक मंडळानं प्रत्येक धड्याला जोडावा असं मला फार वाटतं. असो.

प्लमरची युक्ती नवा शिक्षक पहिल्या दिवशी करतो तीच. "१७ नंबर कोण?" असं सगळ्या वर्गाला विचारायचं. सगळे ऐकतात, एकच उठतो. मग शिक्षक चेहरा आणि नंबर यांची जोडी मनात टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी ओरडत नाही. यंत्रही तसंच करतं. "अमुक आयपी पत्ता कुणाचा?" अशी हाक सगळ्या तारेवर टाकतं. ज्याचा पत्ता असेल तो एकटा, हाक मारणाऱ्यालाच, आपला मॅक पत्ता कळवतो. हा प्रश्न २८ बाइटांचा असतो, म्हणजे एखाद्या ओळीएवढा. आलेली जोडी यंत्र आपल्या एका तक्त्यात लिहून ठेवतं. हा तक्ता म्हणजेच शेजाऱ्यांची वही. भाचा तिला नेबर कॅश म्हणतो. मी वहीच म्हणणार.

यात एक बारीक शहाणपण आहे. हाक मारणारा स्वतःचे दोन्ही पत्ते हाकेतच सांगतो. त्यामुळे ज्याला विचारलं तोही त्याची जोडी लगेच आपल्या वहीत टिपतो, कारण बोलणं सुरू झालं की उत्तर त्याच वाटेनं परत जाणार. प्लमरनं तर असं सांगितलं की आधी वही दुरुस्त करा आणि मगच हा प्रश्न आहे की उत्तर ते बघा.

आणि सगळ्यांनी दर थोड्या वेळानं आपापला पत्ता ओरडून का सांगू नये? त्यानं हिशेब मांडलाय. १०० यंत्रं, प्रत्येकानं दर दहा मिनिटांनी एकदा ओरडायचं ठरवलं, तर दर सहा सेकंदांना एक आरोळी. आणि उपयोग काय? प्रत्येकाच्या वहीत शंभर नावं, त्यातली बहुतेक निकामी, कारण ज्याचं त्याचं काम चार-दोघांशीच असतं. तेव्हा गरज पडेल तेव्हाच विचारा. हे वाक्य लिहिताना त्याच्यासमोर मोठाली यंत्रं होती. आमच्या टाकीतल्या चिमुकल्या यंत्राला ते जास्तच लागू आहे.

आता मुद्द्याचं. लिहिलेली जोडी किती वेळ खरी धरायची?

प्लमरनं याचा विचार केला होता. कागदाच्या शेवटी त्यानं लिहिलंय की मॅक पत्ते कायमचे असले तरी एखाद्या यंत्राचा आयपी पत्ता काढून दुसऱ्या यंत्राला दिला जाऊ शकतो, आणि मग ज्यांच्या वहीत जुनी जोडी आहे त्यांना ती खोडायचं काही कारणच समजणार नाही. चुकीची माहिती कायम राहू देऊ नये, हेही आहे. उपायही सुचवले आहेत. नोंदींना वय द्यावं, ठरावीक काळ समोरून काहीच ऐकू आलं नाही तर नोंद काढावी, किंवा बोलणं जुळलं नाही की वही सांभाळणाऱ्याला तसं कळवावं. पण हे सगळं "असं करता येईल" या सुरात. नियम म्हणून नाही. वय मोजणं हे या नियमावलीच्या कक्षेबाहेरचं, असं म्हणून त्यानं तो विषय ज्याच्या त्याच्यावर सोपवला.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आमच्या टाकीचा रोग १९८२ साली लिहून ठेवलेला होता, लक्षणांसकट.

पुढे जे झालं ते इतिहासात नेहमी होतं तसं. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं अर्पानेट हे जाळं नव्या आयपी पद्धतीवर आलं. ज्यानं त्यानं आपापल्या मतीनं वही बांधली. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये जोडी वीस मिनिटं ठेवत, आणि ज्याचं उत्तरच आलं नाही अशी अर्धवट नोंद तीन मिनिटं. काहींनी मर्यादाच ठेवली नाही. एकदा लिहिलं की यंत्र बंद होईपर्यंत तेच.

ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ निघाला, संपादक रॉबर्ट ब्रेडन. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रानं काय केलंच पाहिजे याची ही यादी. यात प्लमरच्या सूचनेचा हुकूम झाला: जुनी नोंद काढून टाकायची सोय असलीच पाहिजे. कशी, याचे चार मार्ग दिले आहेत. ठरावीक वेळानं नोंद पुसा, आणि ती वेळ मिनिटाच्या आसपासची असावी. किंवा अधूनमधून त्या एकाच शेजाऱ्याला हळूच विचारा, "आहात ना?" किंवा तारेच्या बाजूनं काही बिघाड कळला तर पुसा. किंवा वरच्या मजल्यावरून, म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या भागाकडून, "उत्तरं येत नाहीत" असं कळलं तर पुसा. आणखी दोन गोष्टी त्यात आहेत. एकाच पत्त्यासाठी सेकंदाला एकापेक्षा जास्त हाका मारू नका, कारण बिघडलेली यंत्रं सतत ओरडून जाळं बुडवत असत. आणि उत्तराची वाट पाहताना हातातलं पाकीट फेकून देऊ नका, निदान शेवटचं एक तरी राखून ठेवा.

इथवरची यंत्रं मोठी होती. वहीत शेकडो नोंदी मावत. आजच्या लिनक्समध्येही १२८ नोंदींपर्यंत साफसफाईची गरजच धरत नाहीत आणि १०२४ ही कमाल. पण टाकीतल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याची सगळी स्मरणशक्ती काही हजार बाइटांची.

या लहानग्यांसाठी इंटरनेटची भाषा लिहिली स्वीडनमधल्या अ‍ॅडम डंकेल्सनं. २००१ साली, तिथल्या संगणकशास्त्र संस्थेत असताना, त्यानं लाइटवेट आयपी नावाचा आटोपशीर प्रोग्रॅम मांडला. पुढे त्याहून लहान, मायक्रो आयपी, ज्याला काहीशे बाइट स्मरणशक्ती पुरते. त्या काळी जाणकार म्हणत की इतक्या लहान यंत्रात पूर्ण नियमावली मावणारच नाही, काहीतरी गाळावंच लागणार. यानं बसवून दाखवली. आणि प्रोग्रॅम सगळ्यांना मोकळा ठेवला, म्हणून तो आज जगभरच्या लाखो वस्तूंत बसला आहे.

मायक्रो आयपीची काटकसर वाचून मला माझ्या आईची आठवण झाली. पाठवायच्या पत्रासाठी एकच जागा आहे. पत्र तयार आहे, पण शेजाऱ्याचा पत्ता वहीत नाही. मग तो काय करतो? त्याच कागदावरचं पत्र पुसून त्यावर प्रश्न लिहितो आणि प्रश्न पाठवतो! पत्र गेलंच. हरकत नाही, उत्तर आलं नाही की वरचा मजला तेच पत्र पुन्हा लिहील, तोवर पत्ता कळलेला असेल. ब्रेडनच्या यादीत बसत नाही हे, पण चालतं. त्याच्या वहीत आठ जागा, आणि नोंदीचं आयुष्य वीस मिनिटं.

लाइटवेट आयपीत मुळात दहा जागा असतात. यंत्र बनवणारा त्या वाढवू-घटवू शकतो. अकरावा शेजारी आला की सर्वांत जुनी नोंद जाते. नोंदीचं आयुष्य पाच मिनिटं. पुढच्या आवृत्त्यांत एक सुरेख गोष्ट आली. नोंद वापरात असेल तर मुदत संपायच्या तीस सेकंद आधी यंत्र त्या शेजाऱ्यालाच एकट्याला विचारतं, आणि शेवटची पंधरा सेकंद उरली तरी पत्ता नाही म्हटलं की सगळ्यांना हाक देतं. म्हणजे चालू बोलण्यात खंड नाही. काही नोंदी कायमच्या म्हणूनही लिहिता येतात, पण ती सोय मुळात बंद असते, मागून घ्यावी लागते.

मी भाच्याला विचारलं, मग पाच मिनिटांची अर्ध्या मिनिटावर का आणत नाहीत? म्हणजे भानगडच नको. तो म्हणाला, "मामा, प्रत्येक हाकेला तारेवरची सगळी यंत्रं दचकून बघतात. त्यात बॅटरीवर झोपलेलीही असतात. आणि आठवण पुसली की पुढचं पहिलं पाकीट अडणार किंवा हरवणार." कमी ठेवा तर गोंगाट, जास्त ठेवा तर आमची टाकी.

यावरचा सर्वांत विचारपूर्वक तोडगा लांब पत्त्यांच्या आयपीसाठी, म्हणजे आयपीव्ही६ साठी, ऑगस्ट १९९६ मध्ये निघाला. नार्टेन, नॉर्डमार्क आणि सिम्पसन हे तिघे लेखक. १९९८ आणि २००७ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. 'शेजारी' हा शब्द यातलाच. यात सगळ्या वर्गाला हाक नाही. पत्त्याच्या शेवटच्या आकड्यांवरून लहान गट पाडलेले असतात, त्या गटालाच विचारायचं. आणि वहीतल्या नोंदीला नुसतं 'आहे' किंवा 'नाही' असं न ठेवता पाच अवस्था दिल्या. विचारलंय पण उत्तर नाही. पोचतं याची खात्री आहे. शिळी झाली. शिळी आहे, पण वापरली, जरा थांबून बघू. आणि शेवटी, थेट विचारतोय. खात्रीची मुदत साधारण तीस सेकंद. ती संपली म्हणून नोंद पुसत नाहीत, तिच्यावरचा भरवसा तेवढा कमी करतात. पत्र टाकलं तर पाच सेकंद वाट बघतात, मग त्या शेजाऱ्याला सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारतात, आणि तिन्ही वेळा गप्प राहिला तरच नाव खोडतात.

आणि खात्री कशानं होते? नुसत्या पत्त्याच्या उत्तरानं नव्हे. वरच्या मजल्यावर पत्राची पोच आली, तर ती बातमी खाली वही सांभाळणाऱ्याकडे जाते: शेजारी जिवंत आहे, बोलणं पोचतंय. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी ओळ. पत्ता माहीत असणं आणि त्या पत्त्यावर माणूस असणं या दोन गोष्टी १९९६ मध्ये नीट वेगळ्या झाल्या.

आमचं यंत्र मात्र जुन्या एआरपीवर चालणारं. आता त्याचं काय झालं होतं ते सांगतो. २ मे ला सोसायटीचा इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, बदलला होता. जुना उन्हानं गेला होता. नव्या डब्याला जुन्याचाच आयपी पत्ता दिला, म्हणजे हजेरी नंबर तोच, मुलगा नवा. नवा डबा सुरू होताना आपली ओळख एकदा ओरडून सांगतो, ती ऐकून आमच्या यंत्रानं वही दुरुस्त केली असती. पण जोडणाऱ्यानं यंत्राची तार दुसऱ्या दिवशी येऊन जोडली. ओळखपरेड चुकली.

तरीही पाच मिनिटांत नोंद शिळी होऊन पुसली जायला हवी होती. ती का पुसली नाही? प्रोग्रॅम लाइटवेट आयपीच होता. त्यात नोंदीचं वय लिहिलेलं असतं, पण वय आपोआप वाढत नाही. बनवणाऱ्यानं आपल्या घड्याळातून ठरावीक वेळानं एक घंटा द्यायची असते, दर घंटेला प्रत्येक नोंदीचं वय एकानं वाढतं. कागदपत्रांत तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. आमचं यंत्र बनवणाऱ्यांनी ही घंटा द्यायचीच राहून गेली. तास बदलायची घंटाच झाली नाही, मग पहिला तास संपणार कसा? यंत्राला स्वतःची बॅटरी, म्हणून वीज गेली तरी ते बंद पडत नव्हतं आणि वही कोरी होत नव्हती. सोय म्हणून बसवलेली बॅटरी नडली.

पत्राची पोच येत नव्हती हे वरच्या मजल्याला कळत होतं. तो तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहीत होता. पण खालच्या मजल्याला कुणी सांगितलं नाही. एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही, याचा अनुभव पेन्शनच्या कामात मी घेतलेला आहे, तेव्हा यंत्राला नावं ठेवत नाही.

पुरावा? भाच्यानं लॅपटॉप तारेला जोडून दाखवला. मधल्या पेटीला एखाद्या मॅक पत्त्याचं घर माहीत नसलं की ती पाकीट सगळ्या तारांवर टाकते, म्हणून आमच्या यंत्राचं पत्र त्याच्याही लॅपटॉपवर येऊन पडत होतं. पत्ता बारा आकडे-अक्षरांचा. "जुना डबा टाकून दिलात का?" मी काहीच टाकत नाही, यावरून घरात बोलणी खातो. ऑफिसच्या कपाटातून डबा काढला, उलटा केला, तळाच्या चिठ्ठीवरचा नंबर भिंग लावून मोठ्यानं वाचत गेलो आणि तो पडद्यावर बोट ठेवत गेला. बाराही जुळले. बखरीतली गोष्ट अस्सल कागदाशी जुळावी, तसं. इतिहासाच्या माणसाला एरवी यानं आनंद व्हायला हवा. मला ठरावाची वही आठवली, माझ्या सुवाच्य अक्षरातली.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तेवढ्यानं त्या दिवसापुरतं काम झालं. भाच्यानं बनवणाऱ्यांना सविस्तर लिहून कळवलं आणि महिन्याभरात सुधारलेला प्रोग्रॅम आला. आता घंटा होते. वहीत जागा दहाच, मुदत पाच मिनिटं, उत्तराची वाट पाहताना एक पाकीट राखून ठेवायचं. कायमची नोंद एकही नाही.

ठराव रद्द करण्याची सभा मीच बोलावली. दोघे-तिघे म्हणाले, दोन रात्रींचा तर पगार, कशाला एवढं. मी सगळ्यांना जुना डबा दाखवला. मग पैसे घेऊन संध्याकाळी खाली गेलो. वॉचमन खुर्चीवरून उठला. मी म्हणालो, "तुमचा फोन वाजला नव्हता. चूक माझी झाली." इतक्या वर्षांत मी त्यांना अहो-जाहो केलं नव्हतं, ते माझ्याही नंतर लक्षात आलं. त्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या आणि विचारलं, "मग आता वाजणार का गुरुजी?"

"वाजेल," म्हटलं. "भाच्यानं बघितलंय."

तरी त्या रात्री साडेदहाला मी गच्चीवर जाऊन बसलो होतो. अकराला पाच कमी असताना खाली फोन वाजला आणि पंप बंद झाल्याचा आवाज आला.

चू. भू. द्या. घ्या. भाच्यानं वाचून पाहिलंय, पण उपमा माझ्या आहेत, त्याला दोष देऊ नये.